डिझेल मोटारीची श्वासनलिका

मोटारीविषयी गोष्टी निघाल्या की बोलणे बहुधा इंधनाशी येऊन थांबते. लिटरमागे गाडी किती धावते, डिझेलचा भाव किती चढला, टाकी भरावयास किती रुपये पडले, याच प्रश्नांची चर्चा घरोघर होते. ज्या दुसऱ्या वस्तूवाचून इंधनाचा एक थेंबही जळत नाही त्या हवेचे नाव कोणी काढीत नाही. ती फुकट मिळते, हेच या उपेक्षेचे कारण असावे. वस्तुतः एक लिटर डिझेल पुरतेपणी जळण्यास सुमारे १२ किलो हवा लागते. आकारमानाने ही हवा १०,००० लिटर भरेल. शिवाय डिझेल एंजिन या बाबतीत उधळ्या स्वभावाचे असल्यामुळे ते गरजेहून पुष्कळच अधिक हवा आत ओढून घेते. इंदूरहून भोपाळला निघालेल्या मोटारीने वाटेत दहा लिटर डिझेल जाळले असेल, तर तेवढ्या अवधीत एक लाख लिटरांहून अधिक हवा तिच्या पोटातून गेलेली असते.

ही सारी हवा सिलिंडरांत शिरण्यापूर्वी ज्या शेवटच्या दालनातून जाते त्याला इनटेक मॅनिफोल्ड असे नाव आहे. हाताचा पंजा डोळ्यांसमोर आणावा. मनगटातून आलेला प्रवाह जसा बोटाबोटांत वाटला जावा, तशी एका तोंडाने आत आलेली हवा या मॅनिफोल्डच्या फाट्यांतून प्रत्येक सिलिंडरला वाटून दिली जाते. पूर्वी हा भाग ओतीव ॲल्युमिनियमचा असे. हल्लीच्या पुष्कळशा गाड्यांत तो कठीण प्लॅस्टिकचा असतो. बाहेरून पाहणाऱ्यास त्यात कौतुक करण्यासारखे काहीच दिसत नाही. परंतु आज वयात आलेल्या डिझेल मोटारींची जी दुखणी गॅरेजमध्ये येतात त्यांपैकी अनेकांचे मूळ याच नळीत असते. आणि ते दुखणे कसे बरे करावे या प्रश्नात कारागिराच्या कौशल्याइतकीच त्याच्या सचोटीचीही परीक्षा होते.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनिअरने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन यशस्वी करून दाखविले, तेव्हा त्यातील मुख्य कल्पना अशी होती की हवा पुरेशी दाबली म्हणजे ती आपोआप इतकी तापते की इंधन पेटविण्यास ठिणगीची गरजच उरत नाही. या एंजिनाची शक्ती इंधन कमीअधिक सोडून आवरता येते. त्यासाठी पेट्रोल एंजिनाप्रमाणे हवेची वाट अडवावी लागत नाही. म्हणूनच जुन्या डिझेल एंजिनांतील मॅनिफोल्ड ही बहुतांशी एक साधी पोकळ नळी होती. एका टोकाला हवेची जाळी, दुसऱ्या टोकाला सिलिंडरच्या झडपा, आणि मध्ये मोकळी वाट. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते.

ही मोकळी वाट पुढे गजबजली, त्याला कारण एंजिन नसून शहरातील माणसांची फुप्फुसे होती. हवेत चार पंचमांश नायट्रोजन असतो. सामान्य उष्णतेत तो कोणाच्या अध्यामध्यात पडत नाही. परंतु डिझेल एंजिनातील प्रखर ज्वलनात तो प्राणवायूशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. हे वायू श्वसनमार्गाचा दाह करतात. उन्हात इतर वाफांशी मिसळून ओझोन निर्माण करतात, आणि हवेतील अतिसूक्ष्म कणांतही भर टाकतात. तेव्हा ज्वलनाची प्रखरता थोडी उतरविणे अवश्य झाले. त्यासाठी योजलेली युक्ती मोठी मार्मिक आहे. एकदा जळून बाहेर पडलेल्या वायूंचा काही अंश परत फिरवून ताज्या हवेत मिसळावयाचा. या वायूंत प्राणवायू थोडा असतो आणि उष्णता शोषून घेण्याची शक्ती अधिक असते. त्यामुळे ज्वाला मवाळ होते आणि ऑक्साइडे कमी निपजतात. हे काम करणाऱ्या झडपेला ई.जी.आर. व्हॉल्व्ह म्हणतात, आणि तिचे तोंड मॅनिफोल्डच्या आरंभी उघडते.

याच्या जोडीस कित्येक एंजिनांत आणखी एक योजना आली. प्रत्येक सिलिंडरला हवा आत येण्याच्या दोन वाटा ठेवावयाच्या आणि त्यांपैकी एकीत एक लहानशी पाकळी बसवावयाची. एंजिन संथ फिरत असता ही पाकळी मिटते. मग सारी हवा उरलेल्या एकाच वाटेने वेगात शिरते, सिलिंडरमध्ये तिचा भोवरा होतो, आणि इंधनाचा फवारा तिच्यात चांगला मिसळतो. एंजिन वेगात फिरू लागले की पाकळ्या उघडतात आणि दोन्ही वाटा मोकळ्या होतात. या पाकळ्यांना स्वर्ल फ्लॅप असे नाव आहे. त्या एका दांड्यावर बसविलेल्या असतात आणि तो दांडा निर्वात दाबाने किंवा लहानशा विजेच्या मोटारीने फिरविला जातो.

आता या दोन्ही सोयींतून दुखणे कसे उपजते ते पाहावे. परत फिरविलेल्या वायूंबरोबर काजळी येते. दुसरीकडे एंजिनाच्या तळघरातून, म्हणजे क्रँककेसमधून, वंगणाचे तुषार असलेली वाफ याच वाटेवर सोडलेली असते. कारण ती बाहेर हवेत सोडण्यास मनाई आहे. कोरडी काजळी एकटी असती तर वाऱ्याबरोबर निघून गेली असती. एकटे वंगण असते तर त्याचा पातळ लेप तेवढा राहिला असता. दोन्ही एकत्र आली म्हणजे मात्र त्यांचे डांबर होते. ते थरावर थर साचत जाते. ज्या नळीत मनुष्याचा अंगठा सहज जावा तीत पुढे करंगळीही जाईनाशी होते. जी गाडी रोज तीन-चार किलोमीटर जाऊन थांबते, जिचे एंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद होते, तिच्यात हा संचय विशेष लवकर होतो. गिरगावातून दादरपर्यंत रखडत जाणारी गाडी आणि दर आठवड्यास बोरघाट चढून पुण्यास जाणारी गाडी यांच्या नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर हा फरक कोणाही मुलाला सांगता येईल.

हा प्रश्न आपल्या देशात आजच अधिक महत्त्वाचा होण्याचे कारण आहे. १९९८ साली पुण्यात तयार झालेल्या टाटांच्या इंडिकेने डिझेल मोटार सामान्य मध्यमवर्गीयाच्या दारात आणून उभी केली. पुढे १.३ लिटरचे मल्टिजेट एंजिन आले. पुण्याजवळील रांजणगावच्या कारखान्यातही ते निघू लागले आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत बसले की लोक त्याला कौतुकाने ‘राष्ट्रीय एंजिन’ म्हणू लागले. नंतर वारे फिरले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे कडक नियम लागू झाले, आणि मारुती सुझुकीसारख्या मोठ्या कंपनीने डिझेल मोटारी बनविणेच सोडून दिले. अशा रीतीने मध्यंतरीच्या दोन दशकांतल्या अगणित डिझेल गाड्या आता वार्धक्याकडे झुकल्या आहेत. मालक दुसरी गाडी सहजासहजी घेऊ शकत नाही. म्हणून तो दुरुस्तीचा मार्ग धरतो.

दुखण्याची लक्षणे सांगण्यासारखी आहेत. चढावर गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. वेग वाढविताना मागून काळा धूर निघतो. उभ्या गाडीचे एंजिन थरथरते. समोरच्या फळ्यावर एंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि तपासणीयंत्र जोडल्यास कधी पी २०१५ असा संकेत मिळतो; त्याचा अर्थ असा की पाकळ्यांचा दांडा जेथे असावयास हवा तेथे तो नाही. परंतु ही लक्षणे दुसऱ्या व्याधींचीही असू शकतात. हवेची जाळी तुंबली, टर्बोचार्जरची रबरी नळी चिरली, किंवा दाब मोजणारा सेन्सर काजळीने आंधळा झाला, तरी गाडी अशीच वागते. यासाठी शहाणा मेकॅनिक प्रथम दहा मिनिटांची कामे करून पाहतो आणि दिवसभराचे काम सर्वांत शेवटी हाती घेतो. मॅनिफोल्ड उतरविणे हे दिवसभराचे काम आहे.

हे काम थंड एंजिनावरच करावे. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवावी. पाना हाती घेण्यापूर्वी प्रत्येक तारेचे, नळीचे आणि खिळपट्टीचे छायाचित्र घेऊन ठेवावे. सकाळी अगदी स्पष्ट वाटणारी रचना संध्याकाळी कोडे होऊन बसते. पुष्कळ एंजिनांत मॅनिफोल्डच्या आड इंधनाची पोलादी नलिका येते. तिच्यात एंजिन चालू असता हजार बारहून अधिक, आणि कित्येक गाड्यांत त्याच्या दीडपट-दुप्पट, दाब असतो. चालू एंजिनात तिचा सांधा सैल करणे हे जिवावर बेतणारे धाडस आहे; डिझेलची ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. म्हणून एंजिन बंद करून दाब उतरेपर्यंत थांबावे. सांधा सोडविताच त्याची दोन्ही तोंडे स्वच्छ टोप्यांनी बंद करावी, कारण इंधनमार्गात गेलेला धुळीचा एक कण इंजेक्टरचा घात करण्यास पुरेसा होतो. ई.जी.आर. वायू थंड करणाऱ्या भागातून पाणी वाहत असेल तर ते आधी भांड्यात काढून घ्यावे.

बोल्ट एकदम एकेक पुरता न काढता सर्व थोडे थोडे सैल करीत जावे, म्हणजे नळीला पीळ बसत नाही. उष्णतेने वाळलेली प्लॅस्टिकची जोडणी ओढाताणीने तुटते. तिची अढी दाबूनच ती सोडवावी. मॅनिफोल्ड बाहेर आला की पुढचे काम एकच, आणि ते क्षणाचाही विलंब न लावता करावयाचे असते. सिलिंडरकडे जाणारी उघडी तोंडे झाकावयाची. धागे न सुटणारे स्वच्छ कापड किंवा चिकटपट्टी त्यासाठी वापरावी, आणि किती बोळे घातले ते मोजून लिहून ठेवावे. जो बोळा आत विसरला जातो तो पुढे आठवतो तेव्हा उशीर झालेला असतो.

नळी स्वच्छ करताना तिची जात ओळखावी. ॲल्युमिनियमची नळी कॉस्टिक सोड्यात बुडविणे ही नेहमीची चूक आहे. त्या सोड्याने घाणीबरोबर धातूही खाल्ला जातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. प्लॅस्टिकच्या नळीला ज्वाला दाखविणे किंवा तीव्र द्रावणात भिजविणे हेही तितकेच वाईट. धातूला सोसेल असे द्रावण, लाकडी वा प्लॅस्टिकची खरवडणी, ब्रश आणि सबुरी, एवढ्यावर काम होते. सिलिंडरच्या तोंडाशी चिकटलेली घाण काढताना त्या सिलिंडरच्या आत घेणाऱ्या झडपा मिटलेल्या आहेत याची खात्री करावी, आणि त्यासाठी एंजिन हाताने पान्यावर फिरवून घ्यावे. मोठ्या गॅरेजमध्ये या ठिकाणी अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या दाबाने मारतात आणि ती लागलीच शोषून घेतात. टरफल घाणीपेक्षा कठीण असते आणि धातूपेक्षा मऊ. म्हणून घाण जाते आणि झडप शाबूत राहते. निघालेली काजळी हाताला आणि छातीला अपायकारक असल्यामुळे हातमोजे व तोंडावर पट्टी असणे इष्ट होय.

आता ज्या क्षणी कारागिराची खरी कसोटी लागते त्या क्षणाकडे वळावे. समजा, चार सिलिंडरांचे एंजिन आहे. चार पाकळ्या आहेत, आणि प्रत्येक पाकळी दोन बारीक स्क्रूंनी दांड्यावर बसविलेली आहे. घाण निघाल्यावर कारागीर स्क्रू मोजतो. ते आठ असावयास हवेत, आणि सातच भरतात. बाहेर मालक घड्याळाकडे पाहत उभा आहे. दिवस मावळला आहे. नवा स्क्रू डब्यात आहे. तो बसवून नळी बंद केली तर कोणाला काही कळणार नाही, निदान आज तरी नाही.

परंतु तो आठवा स्क्रू गेला कोठे? डिझेल एंजिनात दट्ट्या वर येतो तेव्हा त्याच्या माथ्यात आणि सिलिंडरच्या छतात जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास अंतर उरते. त्या फटीत स्क्रूला जागा नाही. एंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर दट्ट्या दर सेकंदास तेहतीस वेळा त्या फटीपाशी येतो. तेव्हा आत पडलेला स्क्रू दट्ट्याचे तोंड ठेचतो, झडप वाकवितो, आणि बाहेर पडलाच तर टर्बोचार्जरच्या पात्यांवर जाऊन आदळतो. हे भय काल्पनिक नाही. बी.एम.डब्ल्यू. कंपनीच्या एम ४७ आणि एम ५७ या डिझेल एंजिनांच्या काही आवृत्त्यांत पाकळ्या वा त्यांचे स्क्रू सुटून सिलिंडरमध्ये गेल्याची उदाहरणे जगभरच्या मेकॅनिकांना ठाऊक आहेत. तेथे एका लहानशा पाकळीने सबंध एंजिनाचा बळी घेतला.

म्हणून स्क्रू कमी भरला तर काम थांबले पाहिजे. घाणीचा गोळा फोडून पाहावा. जमीन लोहचुंबकाने चाचपावी. ग्लोप्लगच्या भोकातून बारीक दुर्बीण घालून प्रत्येक सिलिंडर आतून न्याहाळावा. स्क्रू मिळेपर्यंत, किंवा तो आत नाही याची निश्चिती होईपर्यंत, किल्ली फिरवू नये. मालकाला वाट पाहण्याचे कारण स्पष्ट सांगावे. त्याचा राग रात्रीपुरता असतो. फुटलेल्या एंजिनाचा खर्च त्याला वर्षभर पुरतो.

दांडा हाताने हलवून पाहणे हीही याच वेळची गोष्ट. त्यात खडखड असेल, भोके रुंदावली असतील, तर नुसते धुऊन परत बसविणे म्हणजे उद्याच्या अपघाताची आज तरतूद करणे होय. अशा वेळी सुधारलेल्या घडणीचा नवा मॅनिफोल्ड घालणे हाच सरळ उपाय आहे. परत जोडताना जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या बाजूस, दोन-तीन आवृत्त्यांत आवळावे. बळ किती लावावे हे त्या एंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते. प्लॅस्टिकच्या नळीला ते फारच थोडे लागते, आणि मनगटाच्या अंदाजावर भरवसा ठेवणारा मनुष्य ॲल्युमिनियमचे आटे मारून बसतो. शेवटी घातलेले बोळे मोजून घ्यावे, पाणी भरावे, इंधनमार्गातील हवा काढावी आणि एंजिन चालू करून कोठे सुसकारा ऐकू येतो काय ते पाहावे. पाकळ्यांचा आणि ई.जी.आर.चा नवा अंदाज तपासणीयंत्राने एंजिनाच्या गणकयंत्रास शिकवावा लागतो, ही गोष्टही विसरता कामा नये.

एवढ्या खटाटोपाऐवजी एक सोपा मार्ग म्हणून चालू एंजिनाच्या हवेच्या नळीत एखादा औषधी फवारा मारण्याची रीत काही ठिकाणी आहे. तिच्यातील धोका ध्यानात घ्यावा. डिझेल एंजिनाला आत येणारी जळाऊ वाफ इंधनासारखीच वाटते. ते तिच्यावर आपल्या मनाप्रमाणे पळू लागते आणि किल्ली बंद केली तरी थांबत नाही. सुटलेला घाणीचा मोठा खपला किंवा जमलेला द्रव सिलिंडरमध्ये गेला तर गोष्ट आणखी बिघडते. हवा दबते, द्रव दबत नाही, आणि मग कनेक्टिंग रॉड वाकतो.

येथवर दुरुस्तीचा विचार झाला. परंतु गॅरेजमध्ये मालकापुढे दुसराही एक पर्याय ठेवला जातो, आणि तो स्वस्त असल्यामुळे मोह पाडतो. तो पर्याय म्हणजे भागच काढून टाकणे. पाकळ्या काढून त्यांच्या भोकांना बुचे मारावयाची, ई.जी.आर.च्या वाटेवर पत्र्याची चकती घालून ती कायमची बंद करावयाची. आणि गणकयंत्रातील नोंद पुसून पिवळा दिवा विझवावयाचा. नळी मग तुंबतच नाही. गाडी हलकी वाटते, मालक खूष होतो, आणि कारागिराची कीर्ती वाढते.

या दोन गोष्टींत मात्र भेद केला पाहिजे. पाकळी काढण्यामागे निदान एक भय खरे आहे, आणि ते वर सांगितले आहे. ती काढल्याने संथ गतीतला भोवरा जातो, थोडा धूर वाढतो, आणि या हानीचा वाटा मालकाच्याही पदरी पडतो. तेथेही सुधारलेला भाग बसविणे हेच श्रेयस्कर, परंतु काढणाऱ्याचा हेतू समजण्यासारखा आहे. ई.जी.आर.ची वाट बुजविण्याची गोष्ट निराळी. तेथे एंजिनाचे दुखणे गाडीतून काढून रस्त्यावरील माणसांच्या छातीत घातले जाते. भारत स्टेज चारच्या नियमांत डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडांची मुभा होती. भारत स्टेज सहाने ती ८० मिलिग्रॅमवर आणली. ज्या झडपेवर या मर्यादेचा मोठा भार आहे तीच बुजविली, तर कागदावरील आकडा तसाच राहतो आणि हवा बदलते.

यावर असे उत्तर मिळते की गाडी पी.यू.सी.च्या तपासणीत उतरते, मग दोष कोठला? हे उत्तर फसवे आहे. पी.यू.सी. केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा तेवढा पाहिला जातो. नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे मोजलीच जात नाहीत. उलट ई.जी.आर. बंद केल्याने काळा धूर कमीच होतो. म्हणजे डोळ्यांना गाडी अधिक स्वच्छ दिसते, आणि ती अधिक विषारी झालेली असते. कायद्याचे म्हणणे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमान्वये वायुप्रदूषणाची मर्यादा मोडणारे वाहन रस्त्यावर चालविणे हा गुन्हा आहे. पण हा गुन्हा पकडण्याचे साधन रस्त्याच्या कडेला नसते. म्हणून येथे पोलिसाचे काम कारागिराच्या मनालाच करावे लागते.

आणि या बाबतीत लहान माणसालाच दोष द्यावा असेही नाही. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन या बलाढ्य कंपनीस नोटीस दिली, तेव्हा जगाला कळले की तिच्या डिझेल गाड्यांतील गणकयंत्र परीक्षेची वेळ ओळखून तेवढ्यापुरते सज्जन बनत होते. परीक्षागृहाबाहेर प्रदूषण आवरणारी यंत्रणा ढिली पडे, आणि काही गाड्यांतून मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइडे बाहेर पडत. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही करामत असल्याचे कंपनीने मान्य केले. भारतातील गाड्यांची तपासणी पुण्याच्या ए.आर.ए.आय. या संस्थेने केली, आणि त्यानंतर येथील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्यात आल्या. जे काम गल्लीतला कारागीर पत्र्याच्या चकतीने करतो तेच तेथे विद्वान एंजिनिअरांनी आकडेमोडीने केले होते. साधने निराळी, न्याय एकच. अडचणीचा भाग दूर करावयाचा आणि त्याचा भार ज्याला दिसत नाही त्याच्यावर टाकावयाचा.

मग मालकाने काय करावे? उपाय अगदीच अवघड नाहीत. वंगण आणि हवेची जाळी ठरलेल्या वेळी बदलावी, आणि वंगण पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच घालावे. टर्बोचार्जरमधून वंगण झिरपत असेल तर त्याकडे काणाडोळा करू नये, कारण डांबराचा अर्धा माल तेथूनच पुरविला जातो. आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर, एंजिन पुरते तापेल अशा बेताने चालवावे. आणि ज्या गाडीचे रोजचे आयुष्य शाळा, मंडई व कचेरी एवढ्याच परिघात जावयाचे आहे त्या घरी डिझेल एंजिन आणावे की नाही याचा विचार खरेदीपूर्वीच करावा. पुष्कळदा दुखणे गाडीत नसते. गाडी चुकीच्या घरी गेलेली असते.

गॅरेजमध्ये एक जुनी शिस्त पाहावयास मिळते. चांगला उस्ताद काम सुरू करण्यापूर्वी जमिनीवर स्वच्छ कापड अंथरतो आणि निघालेला प्रत्येक बोल्ट ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने त्यावर मांडतो. काम संपले म्हणजे कापड रिकामे झाले पाहिजे. त्यावर एखादी वस्तू उरली तर नवशिका पोरगा म्हणतो, “उस्ताद, गाडी तर चालली, हा भाग जास्तीचा असेल.” त्यावर उस्ताद पुन्हा पाना हाती घेतो. बनविणाऱ्याने वस्तू जास्तीची घातलेली नसते, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. आणि ती कशासाठी घातली होती हे कळेपर्यंत तो गाडी मालकाच्या हवाली करीत नाही.